एक प्रत, अनेक धनी



संगणकाच्या परिभाषेतील ‘डीड्युप्लिकेशन’ हा शब्द भारतीय नागरिकाच्या कानी प्रथम पडला तो आधार क्रमांकाच्या निमित्ताने. भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाची स्थापना जानेवारी २००९ मध्ये झाली आणि पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देण्यात आला. एकाच माणसाला दोन क्रमांक मिळू नयेत, यासाठी नव्याने नाव नोंदविणाऱ्याच्या बोटांचे ठसे आणि डोळ्यांच्या बुबुळांची चित्रे आधीच्या नोंदींशी ताडून पाहिली जातात. या प्राधिकरणाची माहिती केंद्रे बंगळूर येथे आणि दिल्लीलगत मानेसर येथे आहेत. तेथे शोध चालतो तो साम्याचा. एकाच बोटाचे दोन वेळी घेतलेले ठसे तंतोतंत सारखे कधीच नसतात; ते पुरेसे सारखे आहेत की नाहीत, एवढेच यंत्राला ठरवायचे असते.

आजच्या व्याख्यानाचा विषय याच शब्दाचा दुसरा, कमी परिचित अर्थ हा आहे. माहितीच्या साठवणीतही द्विरुक्ती असते आणि तीही शोधून काढली जाते. मात्र तेथील कसोटी अत्यंत कठोर आहे. तेथे साम्य उपयोगाचे नाही; अभेदच हवा. माहितीचे दोन तुकडे शेवटच्या बाइटपर्यंत एकरूप असतील तरच त्यांतील एक ठेवता येतो आणि दुसरा वगळता येतो. माणसाला जे एकच वाटते ते यंत्राला एकच वाटेल असे नाही. एकच मराठी परिपत्रक एका कार्यालयात ‘इस्की’ या १९९१ च्या भारतीय मानकानुसार आणि दुसऱ्या कार्यालयात युनिकोडच्या यूटीएफ-८ या पद्धतीने साठवले, तर वाचणाऱ्याला शब्दाशब्दाने तेच वाक्य दिसते. परंतु ‘क’ हे अक्षर पहिल्या ठिकाणी एक बाइट व्यापते व दुसऱ्या ठिकाणी तीन. यंत्राच्या दृष्टीने ही दोन परिपत्रके परस्परांना सर्वस्वी परकी आहेत. अभेद हा मजकुरावर जितका अवलंबून असतो तितकाच तो मजकूर कसा मांडला आहे यावर असतो. मांडणीचे हे काम संगणकात जिच्याकडे सोपविलेले असते, तिला फाइलप्रणाली म्हणतात.

या प्रश्नाला सार्वजनिक महत्त्व कसे आले, हे समजण्यासाठी राजधानीच्या कार्यालयांकडे पाहावे लागते. १९७६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने केंद्र सरकारच्या कारभारात संगणक आणला. त्यानंतर दीर्घकाळ प्रत्येक खात्याचा स्वतंत्र सर्व्हर, स्वतंत्र डिस्क आणि स्वतंत्र खोली अशीच रीत होती. फेब्रुवारी २०१४ मध्ये ‘मेघराज’ या नावाने शासनाच्या क्लाउड-सेवेचा आरंभ झाला आणि या रीतीला पर्याय मिळाला. खात्याने यंत्र विकत घेण्याऐवजी सामाईक माहिती केंद्रातील एक ‘आभासी यंत्र’ मागून घ्यावे, अशी ही योजना होय. खाजगी क्षेत्रातही याच दिशेने वाढ झाली; ग्रेटर नोएडा येथे ऑक्टोबर २०२२ मध्ये उद्घाटन झालेले योट्टा कंपनीचे माहिती केंद्र हे तिचे एक ठळक उदाहरण.

आभासी यंत्र ही कल्पना नवी नाही. एका मोठ्या संगणकाचे सॉफ्टवेअरच्या साहाय्याने अनेक भाग पाडायचे आणि प्रत्येक भागाने आपण पूर्ण, स्वतंत्र संगणकच आहोत अशा समजुतीने काम करायचे, हे आयबीएम कंपनीने १९७२ सालच्या ‘व्हीएम/३७०’ या प्रणालीने व्यवहारात आणले होते. अशा यंत्राची डिस्कही आभासीच असते. आतल्या यंत्राला जी डिस्क वाटते, ती बाहेरच्या साठवणीत पुष्कळदा केवळ एक प्रचंड फाइल असते. समजा, एका माहिती केंद्रात अशी शंभर यंत्रे आहेत आणि प्रत्येकावर तीच कार्यप्रणाली व तीच साधने बसविलेली असून त्यांनी प्रत्येकी वीस गिगाबाइट जागा घेतली आहे. एकूण जागा झाली दोन हजार गिगाबाइट. परंतु त्यांत खरोखर वेगळे असे फार थोडे आहे. एकच ग्रंथ शंभर कपाटांत शंभर वेळा ठेवावा, तसा हा प्रकार होय. जागा, वीज आणि शीतकरण या सर्वांचा खर्च सार्वजनिक तिजोरीतून होत असेल, तर ही द्विरुक्ती टाळणे हे कर्तव्यच ठरते.

ती टाळण्याची कृती तत्त्वतः सोपी आहे. येणाऱ्या माहितीचे तुकडे पाडायचे. प्रत्येक तुकड्यावर ठरावीक गणिती प्रक्रिया करून त्याचा एक छोटा ‘ठसा’ काढायचा. आणि तो ठसा एका सूचीत शोधायचा. सूचीत तो आधीच असेल तर तुकडा पुन्हा लिहायचा नाही, जुन्या तुकड्याकडे बोट दाखवायचे व त्याच्या धन्यांची संख्या एकाने वाढवायची. नसेल तर तुकडा लिहून सूचीत नवी नोंद करायची. ‘एसएचए-२५६’ या पद्धतीने काढलेला ठसा २५६ बिटांचा असतो, आणि दोन भिन्न तुकड्यांचा ठसा योगायोगाने एकच निघण्याची शक्यता व्यवहारात शून्य मानावी इतकी अल्प आहे.

खरी अडचण ‘तुकडे पाडायचे’ या दोन शब्दांत दडलेली आहे. तुकडे कोठे पाडायचे? मुद्रणव्यवसायातील एक दृष्टान्त येथे उपयोगी पडेल. एखाद्या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत पहिल्याच पानावर दोन ओळींची भर घातली, तर पुढील प्रत्येक पानाचा आरंभ दोन ओळींनी सरकतो. आता दोन्ही आवृत्त्या पानाशी पान लावून ताडल्या, तर एकही पान जुळणार नाही; परिच्छेदाशी परिच्छेद लावून ताडल्या, तर एक परिच्छेद सोडून सर्व जुळतील. पान ही लांबीने ठरणारी सीमा आहे, परिच्छेद ही मजकुराने ठरणारी. साठवणशास्त्रातही हेच दोन पंथ आहेत. एकात ठरावीक लांबीचे तुकडे पाडतात. दुसऱ्यात मजकुरातील खुणांवरून सीमा ठरवितात. मायकेल राबिन या गणितज्ञाने १९८१ साली मांडलेली ठसे काढण्याची पद्धत या दुसऱ्या पंथाच्या मुळाशी आहे.

सकृद्दर्शनी दुसरा पंथ श्रेष्ठ वाटतो, आणि एकामागून एक जोडलेल्या फाइलींच्या गठ्ठ्यांबाबत तो श्रेष्ठ आहेही. आभासी यंत्रांच्या डिस्कबाबत मात्र निराळे चित्र दिसते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेतील केरेन जिन व एथन मिलर यांनी २००९ मध्ये आभासी यंत्रांच्या अनेक डिस्क-प्रतिमा तपासून आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. कार्यप्रणाली व तिच्यावरील साधने यांनी व्यापलेल्या जागेपैकी ऐंशी टक्के किंवा त्याहूनही अधिक जागा वाचू शकते, असे त्यांना आढळले. आणि ठरावीक लांबीचे तुकडे पाडूनही मजकुरानुसार पाडलेल्या तुकड्यांइतकाच जवळजवळ लाभ होतो, हेही दिसून आले. याचे कारण फाइलप्रणालीच्या स्वभावात आहे. डिस्कवरील फाइलप्रणाली मजकूर पुढे ढकलत नाही. ती डिस्कचे सारख्या आकाराचे ‘ब्लॉक’ पाडते आणि प्रत्येक फाइलीचा आरंभ एखाद्या ब्लॉकच्या आरंभी करते. लिनक्सवरील ‘ईएक्सटी-४’ व विंडोजवरील ‘एनटीएफएस’ या दोन्ही प्रणालींत सामान्यतः हा ब्लॉक ४,०९६ बाइटांचा असतो. नवी फाइल आली तर ती रिकाम्या ब्लॉकांत जाते. शेजारच्या फाइली जागच्या हलत नाहीत. प्रत्येक प्रकरण नव्या पानावर सुरू करण्याचा दंडक पाळणाऱ्या मुद्रकासारखी ती वागते, आणि म्हणूनच पानाशी पान जुळते.

परंतु हा दंडक फलदायी होण्यास एक अट आहे. आतल्या ब्लॉकची सीमा आणि बाहेरच्या साठवणीतील तुकड्याची सीमा एकमेकींवर बसली पाहिजेत. जुन्या संगणकांत डिस्कचा पहिला विभाग त्रेसष्टाव्या सेक्टरपासून सुरू करण्याचा प्रघात होता. सेक्टर ५१२ बाइटांचा. म्हणजे विभागाचा आरंभ ३२,२५६ व्या बाइटावर. या संख्येला ४,०९६ ने नि:शेष भाग जात नाही. परिणामी आतला प्रत्येक ब्लॉक बाहेरच्या दोन तुकड्यांत विभागला जातो. ५१२ बाइट एकात आणि उरलेले ३,५८४ दुसऱ्यात. विंडोज व्हिस्टा आणि विंडोज सर्व्हर २००८ यांपासून हा आरंभ २,०४८ व्या सेक्टरवर, म्हणजे बरोबर एक मेगाबाइटवर नेण्यात आला, आणि सीमा जुळू लागल्या. जुन्या प्रघाताने आखलेले एक यंत्र व नव्या प्रघाताने आखलेले दुसरे यंत्र शेजारी ठेवले, दोहोंत त्याच फाइली भरल्या, तरी ठरावीक लांबीच्या तुकड्यांच्या पद्धतीत साठवणीला त्यांत जुळणारे जवळजवळ काहीच सापडत नाही. फरक असतो तो केवळ कोठून मोजायला सुरुवात केली एवढाच.

दुसरा प्रश्न तुकड्याच्या आकाराचा. बाहेरचा तुकडा १२८ किलोबाइटांचा घेतला, तर त्यात आतले बत्तीस ब्लॉक मावतात. त्यांतील एकातही एका बाइटाचा फरक पडला की सबंध तुकडा वेगळा ठरतो. तुकडा लहान घ्यावा तर अधिक द्विरुक्ती सापडते, पण ठशांची सूची वाढत जाते. २००९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीच्या ‘झेडएफएस’ या फाइलप्रणालीत द्विरुक्ती-निवारणाची सोय आली, तेव्हापासून तिच्या सूचीतील एका नोंदीला स्मृतीत सुमारे ३२० बाइट लागतात असा हिशेब धरण्याची रीत आहे. त्यावरून पाहता एक टेराबाइट वेगळी माहिती १२८ किलोबाइटांच्या तुकड्यांत ठेवल्यास नोंदी होतात सुमारे ८४ लाख आणि सूचीला लागते अडीच गिगाबाइट स्मृती. तीच माहिती आठ किलोबाइटांच्या तुकड्यांत ठेवल्यास नोंदी जातात १३ कोटी ४२ लाखांवर आणि स्मृती लागते चाळीस गिगाबाइट. सूची स्मृतीत मावेनाशी झाली की प्रत्येक लेखनापूर्वी ती डिस्कवर शोधावी लागते, आणि सारी साठवण मंदावते. डिस्कवरील जागा वाचविण्यासाठी तिच्याहून कितीतरी महाग अशी स्मृती विकत घ्यावी लागते, हा या व्यवहारातील विरोधाभास होय. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या ‘ओपन-झेडएफएस’च्या २.३ या आवृत्तीने सूचीची रचना सुधारली आणि तिच्या आकाराला मर्यादा घालण्याची सोय केली. तथापि लहान तुकडा व मोठी सूची यांतील मूळ तडजोड त्यामुळे नाहीशी होत नाही.

तिसरा प्रश्न आतल्या फाइलप्रणालीच्या स्वतःच्या नोंदींचा. प्रत्येक फाइलप्रणाली फाइलींबरोबर त्यांच्या तारखा, मालकी व जागा यांचे टिपण ठेवते. हे टिपण प्रत्येक यंत्रात वेगळे असणे स्वाभाविकच आहे. ‘एक्सएफएस’ व ‘बीटीआरएफएस’ यांसारख्या प्रणाली तर आपल्या टिपणाच्या ब्लॉकांत त्या विशिष्ट डिस्कची ओळखही लिहून ठेवतात. माहिती बिघडल्यास ते चटकन कळावे, हा त्यामागील उत्तम हेतू. परंतु त्यामुळे असे दोन ब्लॉक कधीच एकरूप होत नाहीत. पुसलेल्या फाइलींचीही अशीच गोष्ट आहे. फाइल पुसली म्हणजे तिचे नाव वहीतून खोडले जाते. तिचे बाइट डिस्कवर तसेच पडून राहतात, आणि बाहेरची साठवण ते कचरा न मानता जपत बसते. कोणते ब्लॉक रिकामे झाले हे आतली प्रणाली बाहेर कळवील अशी व्यवस्था करता येते, पण ती जाणीवपूर्वक करावी लागते. जिन व मिलर यांच्या अभ्यासात केवळ शून्यांनी भरलेले ब्लॉक ओळखण्यानेही बरीच जागा वाचते असे दिसले होते, हे येथे स्मरणीय आहे.

चौथा प्रश्न गुप्ततेचा. प्रत्येक आभासी यंत्राने आपली डिस्क स्वतःच्या किल्लीने कूटबद्ध केली, तर शंभर यंत्रांतील एकच फाइल शंभर वेगवेगळ्या रूपांत बाहेर पडते आणि एकही तुकडा जुळत नाही. किंबहुना दोन धन्यांच्या माहितीत काय सारखे आहे हे तिसऱ्याला कळू नये, हाच कूटलेखनाचा उद्देश असतो. येथे काटकसर व गुप्तता एकमेकींच्या विरुद्ध उभ्या राहतात. नागरिकांच्या व्यक्तिगत नोंदी ज्या डिस्कवर आहेत, तेथे कौल गुप्ततेच्या बाजूने द्यावा लागेल. बाहेरच्या साठवणीने द्विरुक्ती काढावी आणि मग एकाच किल्लीने सारे कूटबद्ध करावे, असा मध्यम मार्ग आहे. परंतु मग किल्ली प्रत्येक खात्याच्या हाती न राहता साठवण सांभाळणाऱ्याच्या हाती जाते. असा निर्णय यंत्रज्ञाने एकट्याने घ्यावयाचा नसतो.

यावरून बाहेरच्या साठवणीसाठी फाइलप्रणाली निवडताना काय पाहावे, हे स्पष्ट होते. काही प्रणाली लिहितानाच द्विरुक्ती शोधतात. ‘झेडएफएस’ त्यांपैकी होय. काही आधी सारे लिहून घेतात आणि निवांत वेळी शोध घेतात. विंडोज सर्व्हर २०१२ मध्ये आलेली सोय या जातीची आहे. ‘एक्सएफएस’सारख्या काही प्रणाली आपण होऊन शोध घेत नाहीत, परंतु एका फाइलीची दुसरी प्रत करताना मजकूर पुन्हा न लिहिता दोन्ही फाइलींना तेच ब्लॉक वाटून देण्याची सोय त्यांत आहे. एकाच मूळ नमुन्यावरून शंभर यंत्रे घडवायची असतील तर हा तिसरा मार्ग फार स्वस्त पडतो, कारण जन्मापासून ठाऊक असलेले नाते शोधून काढावे लागत नाही. ठशांची सूचीही लागत नाही. त्याची मर्यादा पुढे दिसते. शंभर यंत्रांवर तीच सुरक्षा-दुरुस्ती बसविली की तिच्या शंभर प्रती नव्याने लिहिल्या जातात, आणि जन्माचे नाते त्या प्रतींना एकत्र आणू शकत नाही. यंत्रे अल्पायुषी असतील तर नमुन्याची वाटणी पुरेशी आहे. वर्षानुवर्षे चालणारी व पुनःपुन्हा दुरुस्त होणारी असतील तर शोध घेणारी प्रणाली उपयोगी पडते.

मात्र हे सारे आरंभीच ठरवावे लागते. विभागाचा आरंभबिंदू, ब्लॉकचा आकार, ‘झेडएफएस’वरील आभासी डिस्कच्या तुकड्याचा आकार, या गोष्टी डिस्क आखताना एकदा ठरतात, माहिती भरल्यानंतर त्या बदलायच्या म्हणजे सारी माहिती उचलून दुसरीकडे न्यावी लागते. ‘झेडएफएस’मध्ये द्विरुक्ती-निवारण नंतर बंद केले, तरी आधी एकत्र झालेले तुकडे एकत्रच राहतात आणि सूचीचे ओझेही तोवर उतरत नाही. निविदेत साठवण किती टेराबाइट हवी एवढेच लिहिणे म्हणूनच अपुरे आहे. आतल्या यंत्रांत कोणती फाइलप्रणाली असेल, तिच्या सीमा कोठे पडतील आणि माहिती कूटबद्ध असेल काय, हे प्रश्नही तेथेच विचारले गेले पाहिजेत. आणि आश्वासित बचतीच्या आकड्यावर विसंबण्यापूर्वी आपल्याच काही यंत्रांच्या डिस्क घेऊन ती बचत मोजून पाहिली पाहिजे.

शेवटचा मुद्दा सर्वांत गंभीर आहे. शंभर प्रतींची एक प्रत झाली म्हणजे शंभर धनी एकाच तुकड्यावर विसंबून राहिले. तो तुकडा बिघडला तर एकाचे नव्हे, शंभरांचे नुकसान होते. ‘झेडएफएस’च्या रचनाकारांना याची जाणीव होती. धन्यांची संख्या ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की त्या तुकड्याची आणखी एक प्रत आपोआप ठेवावी, अशी सोय त्यांनी केली होती. पुढे ती काढून टाकण्यात आली. आता ही काळजी साठवण उभारणाऱ्यानेच घ्यायची आहे.

ती घेणे किती अगत्याचे आहे, हे दिल्लीने पाहिले आहे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या, म्हणजे ‘एम्स’च्या, संगणकांवर हल्ला झाला. शासनाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार पाच सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती हल्लेखोरांनी कूटबद्ध करून टाकली. रुग्णांची नोंदणी, भेटीच्या वेळा, दाखल करणे व घरी सोडणे ही कामे कित्येक दिवस कागद-पेन्सिलीवर चालवावी लागली. ई-हॉस्पिटल प्रणालीची माहिती परत मिळाली ती हल्ल्यापासून बचावलेल्या एका वेगळ्या राखीव सर्व्हरवरून. आणि बहुतेक कामे पूर्ववत होण्यास दोन आठवडे लागले. हे उदाहरण द्विरुक्ती-निवारणाचे नव्हे, स्वतंत्र प्रतीचे आहे. परंतु दोहोंचा संबंध निकटचा आहे. एकाच साठवणीत त्याच माहितीची दहा दिवसांची दहा चित्रे दिसत असतील आणि ती सारी मुळात त्याच तुकड्यांवर उभी असतील, तर ती दहा नावांची एकच प्रत होय. तिला राखीव प्रत म्हणणे ही स्वतःची फसवणूक ठरते.

यास्तव द्विरुक्तीचे दोन प्रकार वेगळे ओळखायला हवेत. एक नकळत साचलेली, जिचा कोणालाही उपयोग नाही. ती फाइलप्रणालीची नीट निवड करून जरूर काढावी. दुसरी हेतुपुरस्सर ठेवलेली, दुसऱ्या इमारतीत, दुसऱ्या यंत्रावर, दुसऱ्या किल्लीखाली. तिला कोणत्याही सूचीने पहिलीशी जोडता कामा नये. पहिलीतून वाचलेल्या पैशाचा काही भाग दुसरीवर खर्च झाला, तरच ती काटकसर रुग्णाच्या, निवृत्तिवेतनधारकाच्या आणि जमिनीच्या उताऱ्यासाठी खिडकीशी उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या हिताची ठरेल.